वारा ओढणारी जाळी

—नको नको, त्या खोक्यावर नका बसू, त्यात सूनबाईंच्या काचेच्या वस्तू आहेत, तडा गेला तर माझ्यावरच येईल. हे स्टूल घ्या. आधी चहा घ्या, मग लागा परत कामाला. मशीन काही पळून जात नाही — एवढं धूड ते, तुम्ही आणि टेम्पोवाला मिळून जिन्यावरून वर आणत होतात तेव्हा मी दाराआडून बघत होते, मला वाटलं घरात कोणी मोठे पाहुणेच येतायत, वाट सोडा, बाजूला व्हा, भिंतीला लागू देऊ नका! काय नाव म्हणालात त्याचं? एअर हँडलर. असू दे. मी आपली पाहुणेच म्हणणार. उन्हाळ्यात गार करणार, थंडीत गरम करणार, अख्ख्या घराला एकसारखं — म्हणजे ह्या घरात आजवर जे कुणाला जमलं नाही, ते हे करणार. आणि ऐका मिस्त्री, तुम्ही-तुम्ही मला फार वेळ जमत नाही, माझ्या लेकाच्या वयाचा दिसतोस, मी आपलं तू म्हणते. राग नाही ना? बरं.

तर पाहुण्यांना खोली कुठली दिली? पॅसेजमधली कोठी. माझी कोठी. माझी म्हणजे काय, घर साहेबांचं आहे — साहेब म्हणजे माझा लेक, मी पाठीमागे साहेब म्हणते, तोंडावर म्हटलं तर त्याला खरंच वाटायचं — पण कोठीत सामान माझं होतं. पत्र्याची ट्रंक, जाड रजया, आणि माझं शिलाई मशीन, पायाचं. त्या मशीनवर ह्या साहेबांच्या शाळेच्या चड्ड्या शिवल्यात मी, एका चड्डीला दोनदा खालून दुमड सोडायची, म्हणजे तीन वर्षं जायची. गेलं ते भंगारात. विचारलं ना मला, नाही कसं? भंगारवाल्याचा टेम्पो कोपऱ्यावरून वळला आणि साहेबांनी विचारलं, आई, तुला ते लागत नव्हतं ना? मी म्हटलं, छे रे, मला आता काय शिवायचंय — जिथे फाटलंय तिथे सुई चालत नाही. हसला. त्याला वाटलं विनोद केला.

आणि हे सगळं कुणासाठी? माझ्यासाठी! तुला सांगितलं नाही त्यांनी? आईला उकडतं, आईला थंडीत सांधे धरतात, म्हणून. ह्या घरात माझ्यासाठी काय काय आलंय, तुला सांगते. मोठा टीव्ही माझ्यासाठी आला, तो मॅच असली की लागतो. गाडी माझ्यासाठी आली, आईला दवाखान्यात न्यायला — मी दवाखान्यात बसनं जाते, कारण गाडीला त्या गल्लीत ओरखडे पडतात. कुत्रं आलं होतं मधे, तेसुद्धा आईला सोबत म्हणून. ते बिचारं माझ्याच पायाशी बसायचं, म्हणून सूनबाईंनी परत पाठवलं. आता हा वारा. सगळं माझ्या नावानं, नुसतं वापरायला मी सोडून बाकीचे.

साखर कमी आहे का? मग तोंड का असं? — बरं. धूळ होणार म्हणतोस आज? ते आलंय माझ्या कानावर. म्हणून तर मला लेकीकडे पाठवतायत, थोरलीकडे. संध्याकाळी जावई येतायत न्यायला. चार दिवस जाऊन ये आई, धूळ बसेपर्यंत, तुला खोकला होतो. काय काळजी! सूनबाईंनी तर स्वतःची चाकांची बॅग दिली मला — जिला मी कधी बोट लावलं तर त्या फडकं घेऊन यायच्या, ती बॅग — आणि स्वतःच्या हातानं भरून दिली. स्वेटर दोन्ही घातले. शाल घातली. बाहेर बघ, पत्रा तापून कडकड वाजतोय, आणि बॅगेत शाल. मी म्हटलं, सूनबाई, धूळ फार थंड असते का? तर म्हणाल्या, असू द्या हो आई, लागलं तर. आणि गोळ्या. गोळ्या बघितल्यास तर चाट पडशील — तीन महिन्यांच्या! चार दिवसांच्या धुळीला तीन महिन्यांच्या गोळ्या. मी म्हटलं, एवढी धूळ तर घर पाडलं तरी होत नाही.

झाला चहा? ये. माझ्या खोलीत ये, इथलं सांग मला, सकाळपासून हे बघतेय मी. पलंग तूच ओढलास ना इकडे? आणि भिंतीवर पेन्सिलीनं हा चौकोन काढलास — केवढा मोठा! माझी ट्रंक सरळ आत जाईल त्यातून. हे काय येणार इथे? जाळी. जाळी तर सगळीकडेच छताला लावतोयस, हॉलमध्ये दोन लावल्यास, त्यांच्या झोपायच्या खोलीत लावलीस, नातवाच्या खोलीत, स्वयंपाकघरातसुद्धा. माझीच खाली का, उशाशी? हं? — थांब, सावकाश सांग, मी शाळेत गेलेली नाही पण डोकं आहे मला. त्या छतातल्या जाळ्या वारा देणार. आणि ही? ही वारा ओढून घेणार. घरातला सगळा वारा इथून, माझ्या भिंतीतून आत ओढायचा, कोठीतल्या पाहुण्यांनी तो गार करायचा, आणि छतातून सगळ्यांना वाटायचा. अस्सं. मग माझ्या छताला? माझ्या छताला काहीच नाही.

वा! काय डोकं लावलंय साहेबांनी. घ्यायचं माझ्याकडून आणि वाटायचं सगळ्यांना — मला वाटलं ही पद्धत आमच्याच घरात आहे, आता तिचं मशीनसुद्धा निघालं!

अरे हसू नको, सांगून टाक, आवाज करणार का ही? करणार. थोडाफार म्हणजे किती? झोपलेल्या माणसाला कळेल एवढा? मग मी दार लावून — दार लावायचं नाही? का? दार लावलं तर वारा कुठून येणार, बरोबर, दार कायम सताड उघडं. आता मला सांग, म्हातारी बाई कपडे बदलणार, रात्री कण्हणार, आणि दार सताड उघडं, उशाशी घूं घूं, आणि गार वाऱ्याची झुळूक नाही. तू एवढा जाणता मिस्त्री, तुला विचारावंसं वाटलं नाही का रे, इथे झोपणारं माणूस कसं झोपेल म्हणून?

काय म्हणालास?

नाही, ऐकू आलं. चष्मा लागलाय मला, कान शाबूत आहेत. विचारलं होतंस तू. आणि साहेब म्हणाले, त्या खोलीत कोणी नसणार, खोली रिकामीच राहणार आहे.

बस. बस रे, उभा का राहिलास असा, चोरी तू नाही केलीस. मला माहीत होतं की. गोळ्या बघितल्या तेव्हाच कळलं. स्वेटर बघितले तेव्हा कळलं. रिकामी कशी राहील पण, सूनबाईंचं ते पळायचं मशीन येईल इथे, तासभर धावायचं आणि होतो तिथेच. खिडकी चांगली आहे ह्या खोलीला. सकाळचं ऊन येतं. माहीत होतं, माहीत होतं — काय माहीत होतं? नव्हतं माहीत. संशय होता नुसता. संशय असला की माणूस चेष्टा करू शकतो रे, शाल कशाला, गोळ्या कशाला, करत होते की आत्तापर्यंत. आणि लेकीचा फोन आला काल, ती आपली रडतेय. मी म्हटलं, आई चार दिवस येतेय तर रडतेस कसली, तर म्हणाली, काही नाही गं, कांदा चिरतेय. तिला सांगितलंय म्हणजे. जावयांना सांगितलंय. तुलासुद्धा सांगितलंय, तू आज सकाळी पहिल्यांदा ह्या घरात पाऊल टाकलंस, तुला सांगितलंय. राहिलं कोण?

थोरलीच्या घरी दोन खोल्या आहेत. आतल्या खोलीत तिचे सासरे, अंथरुणाला खिळलेले. बाहेरच्या खोलीत ती, जावई, आणि कॉलेजातली मुलगी. मी कुठे, तर दाराजवळच्या सोफ्यावर, दूधवाला आला की उठायचं. पण ती नाही म्हणाली नाही. नाही म्हणता येत नाही तिला, माझ्यावर गेलीय. हा साहेब त्याच्या वडलांवर गेलाय. ते असेच. चांगलं असलं की स्वतः सांगणार, वाईट असलं की शेजाऱ्याकडून कळणार. नोकरी सुटली तेव्हा मला रेशनच्या दुकानदारानं सांगितलं.

आणि लहानपणी? ह्याच साहेबांना उकाडा सोसायचा नाही. एका खोलीत राहायचो आम्ही, वर पत्रा, पंखा होता पण त्याला करंट नसायचा. हा तळमळायचा, रडायचा, अंगावर घामोळं फुटायचं. मी बिस्किटांच्या डब्याचं झाकण घ्यायची, पत्र्याचं, चौकोनी, त्यावर घोड्याचं चित्र होतं, आणि वारा घालायची. हात थांबला की डोळे उघडायचा. सगळी दुपार. एका हातानं वारा, दुसऱ्या हातानं चड्डीची दुमड उसवायची. तेव्हा नव्हतं लागत कुठलं धूड. जाऊ दे, ते काय सांगत बसले. तुझं काम खोळंबलं.

काय करतोस, फोन लावतोस साहेबांना? तुझ्या हातून नाही होणार म्हणतोस? अरे वेड्या, तुझी रोजी बुडवू नकोस माझ्यापायी. बरं, लाव. लाव, पण मोठ्यानं ऐकू येईल असा लाव, मी काही बोलत नाही. श्वाससुद्धा घेत नाही.

—ऐकलंस? ऐकलंस ना? मीटिंगमध्ये आहे, म्हणे. काही अडलं असेल तर आईला विचारा, आई घरीच आहे, ती सांगेल ते करा. ठेवला. तू पुरतं वाक्यसुद्धा बोलला नाहीस. म्हणजे बघ हं, सुट्टी घ्यायची नाही, कारण घरी थांबलं तर माझ्या तोंडाकडे बघावं लागेल. सूनबाईही आजच नेमक्या माहेरी. आणि माझ्या भिंतीला भोक पाडायच्या दिवशी घरात ठेवलं कुणाला, तर मला! एवढे शिकले दोघं, गळ्यात ऑफिसच्या पट्ट्या घालून फिरतात, आणि ही अक्कल.

मग अडलंय ना तुझं? अडलंय. तर विचार.

विचार रे, लाजतोस काय. आईला विचारा म्हणाले ना? मालकांनीच सांगितलंय, आता तुझ्यावर काही नाही. मी सांगते. ही कोठी — हिला भिंती किती? एक माझ्या खोलीला लागून, दुसरी पॅसेजला. वारा पॅसेजमधून ओढला तर पाहुण्यांना चालतो का? चालतो! उलट जास्त चांगलं? घराच्या मधोमध पडतं, कुणाचं दार उघडं-बंद असलं तरी फरक पडत नाही. मग आधी का नाही — हां. आरसा. पॅसेजच्या भिंतीवर सूनबाईंचा आरसा आहे, डोक्यापासून पायापर्यंत दाखवणारा. म्हणजे आरसा हलवायचा नाही म्हणून म्हातारी हलवायची. बरोबर आहे, आरशाला लेकीचं घर नाही.

काढ तो आरसा. मी धरते खालून. धरते म्हणजे धरते, एवढं काय बघतोस, ह्याहून जड माणसं उचललीत मी. सावकाश. जिन्याकडे टेकव, तोंड भिंतीकडे कर त्याचं. आता घे तुझी पेन्सिल आणि काढ चौकोन, पाणसळ लावून नीट काढ, वाकडा काढलास तर म्हणतील आईनं सांगितलं म्हणून वाकडा झाला. आवाज सगळ्यांना येईल म्हणतोस पॅसेजमध्ये? येऊ दे की. सगळ्यांना थोडा थोडा आला तर कुणाला फार होत नाही.

आणि माझं छत. जाळी उरली नाही? पाइपही उरला नाही. मग हॉलमध्ये दोन कशाला? एक माणसांना आणि एक टीव्हीला? त्यातली खिडकीकडची काढ आणि ती घे इकडे. टीव्हीला थोडं उकडेल, पण तो बोलणार नाही काही. पोचेल पाइप? ताणून पोचेल ना? आणि तिकडचं भोक बुजवून दे हं छान, मला कुणाचं वाटोळं करायचं नाहीये. नुसती एक जाळी हवी आहे मला. छतात. पलंगाच्या वर.

मिस्त्री, फोन वाजतोय तुझा. साहेब? आठवलं वाटतं काय बोलून बसलो ते. मीटिंग कशी लगेच संपली बघ. नको, तू नको बोलूस, तू अडखळशील. दे इकडे. कुठे दाबायचं? हं.

—हां, मीच. मिस्त्रीला काय विचारतोस, मला विचार. नाही, काही अडलेलं नाही. अडलं होतं, सुटलं. जाळी पॅसेजमध्ये जातेय. हो, आरसा काढला. ओरडू नकोस, पट्टेवाले ऐकतील. आणि माझ्या छताला एक लावून घेतेय — कशाला म्हणजे? मला उकडतं ना, म्हणून तर आणलंस हे सगळं... काय? मिस्त्री काय म्हणाला? तो नाही काही म्हणाला. तू म्हणालास. त्याला म्हणालास. तेच आता मला म्हण. अरे मी भांडत नाहीये. मी जाईन, बाळा. मला लेकीच्या सोफ्याचं काही वाटत नाही, मी जमिनीवर झोपून मोठं केलंय तुम्हाला. आज संध्याकाळीच जाते, मिस्त्रीला सांगते, होतं तसंच कर म्हणून, आरसा परत लाव म्हणून. तू फक्त एकदा तुझ्या तोंडानं म्हण — आई, तू इथे राहायला नको. एवढंच. शब्दही फार नाहीत.

बोल.

ऐकतेय मी.

—ठेवला त्यानं. धर तुझा फोन, आणि माझ्याकडे काय बघतोस? काप तिकडे, पॅसेजची भिंत.