उभे सात

ताईंनी शब्दकोडं पूर्ण सोडवलं, आणि लगेच शेवटचा शब्द त्यांना खोडरबराने पुसावा लागला. मी ऑपरेशन थिएटरबाहेर त्यांच्याच बाकावर बसलो होतो. त्यांचा धाकटा भाऊ समोर स्ट्रेचरवर होता.

“उभे सात. ‘नदी उलटी वाहिली तर गरीब.’ नदी उलटी वाच. दी, न. दीन म्हणजे गरीब. झालं.”

“मला नाही कळलं, ताई.”

“दोन अक्षरं आहेत रे.”

“असतील. समोरच्याला कळल्याशिवाय चौकटीत लिहायचं नाही. चाळीस वर्षं तुझाच नियम आहे.”

“काल तू मला याहून अवघड समजावलंस.”

“काल मला या लोकांनी उपाशी ठेवलं नव्हतं.”

“पुन्हा सांगू?”

“आत्ता नको. बाहेर आल्यावर सांग. सावकाश सांग, डोकं जड असेल.”

“आणि तेव्हाही नाही कळलं तर?”

“तर परवा सांग. तुला दुसरं काम काय आहे?”

“काही नाही.”

नर्सने राहिलेल्या एका सहीसाठी संमतीपत्र पुढे केलं. भावाने सही केली आणि ताईंच्या पेन्सिलीने खाली लिहिलं:

‘सदर रुग्णास उभे सात अद्याप समजलेले नाही. तरी ते समजेपर्यंत रुग्णास अन्यत्र कोठेही नेण्यात येऊ नये, ही नम्र विनंती.’