पाव तासाचं पाणी

माझं गाव पोलादपूरच्या वर, डोंगरात, तीस-बत्तीस उंबरे असतील नसतील, वर नाचणी-वरी नि खाली वहाळाकडंला थोडं भात. मी बाळाराम, चौघा भावंडांत धाकला, सातवी नापास, आणि तोंड असं फाटकं की काय सांगू तुम्हाला, आय म्हणायची, बाळ्या, लोकांच्या जिभंला हाड नसतं, तुझ्या जिभंला काटा हाय. माझं चुकलं, हे दोन शब्द मी कधी कुणाला बोललो नाय, बापसाला नाय, बायकोला तर नायच नाय. लगीन झालं तवा बिरवाडीला खोली घेऊन कंपनीत ठेकेदाराकडं व्हतो, तिथंबी मुकादमाशी भांडलो नि घरी बसलो.

महाडचे हमीदभाई म्हणून व्हते, ट्रक चालवायचे, बिरवाडीला माल भरायला यायचे, तिथली वळख. त्यांचा मेव्हणा मस्कतला. ते म्हणाले, बाळाराम, हितं सगळ्यांशी वाकडं करून ठेवलंयस, तिकडं जा, तिथं तुला कोण वळखत नाय, नव्यानं माणूस हो. विजा आला, मधल्या माणसानं सांगितलं दुकानात मदतनीस म्हणून काम हाय. शेवंता, माझी मंडळी, तवा सात महिन्यांची पोटुशी, ती दारातनंच म्हणाली, जावा, पण तिकडं तरी कुणाला घालूनपाडून बोलू नका.

उतरलो तर दुकान कुठं नि काय. गाडीत घालून मस्कतपासनं लांब डोंगराच्या पायथ्याला नेलं, तर पुढ्यात खजुराची बाग. मालकाचं नाव सालेम, तिकडं मालकाला अरबाब म्हणतात, पांढरी दाढी, गुडघा धरलेला, पोरं शहरात नोकरीला, झाडावर चढणार कोण, म्हणून मला आणलेला. मी म्हटलं मी दुकानात आलोय, मी शेती सोडून आलोय, आणि काय काय बोललो, सगळं मराठीत, त्याला एक अक्षर कळलं नाय. त्यानं ऐकून घेतलं सगळं नि पाण्याचा तांब्या पुढं केला. आता एकट्यानं किती भांडणार माणूस.

मंग ऱ्हायलो. कमरंला नि झाडाला दोराचा पट्टा बांधून चढायचं. खजुरात नर झाड वेगळं, मादी वेगळी, नराचा फुलोरा कापून मादीच्या फुलोऱ्यात हातानं बांधायचा. हे काय मला येत नव्हतं, पण मी शेतकऱ्याचा पोर, मला कोण शिकवणार, ह्या गुर्मीत पहिल्या वर्षी निम्मी झाडं वाया घालवली. सालेमबाबा खाली काठीवर रेलून उभा, मोडक्या हिंदीत म्हणायचा, फिर से. रागावणं नाय, काय नाय, नुसतं फिर से.

आता पाण्याचं ऐका, कारण सगळं त्यातच हाय. डोंगरातनं एक पाट यायचा, अख्ख्या गावाला तेवढाच, आणि ते पाणी घड्याळावर वाटलेलं, याचा अर्धा तास, त्याचा तास. वेळ भरली की आपली फळी टाकायची, पाणी पुढच्या बागेत. आमच्याकडं पाणी म्हंजे पावसात घरात शिरतं ते, घड्याळ कुठलं. एकदा शेवटची चार झाडं भिजली नव्हती, मी म्हटलं थांबू जरा, नि पाव तास उशिरा फळी टाकली. पुढची बाग एका म्हातारीची, नवरा गेलेला, झाडं मोजून सहा. कोण बघतंय.

दुसऱ्या दिवशी सालेमबाबा म्हणाला चल. नेलं तिच्या बागेत. दोन झाडांची आळी कोरडी ठाक, भेगा पडलेल्या. वाटेनं त्यानं मला त्यांच्या भाषेतलं एक वाक्य शिकवलं, तुझं पाणी मी घेतलं. मी म्हटलं तुम्हीच सांगा ना. नको म्हणाला, पाणी तू घेतलंस. म्हातारीनं चटई टाकली, खजूर नि कावा, त्यांची बिनदुधाची कॉफी, पुढं ठेवला, आणि माझी जीभ, जी कधी थांबली नाय ती, टाळूला चिकटली. दोघंबी घाई करीनात. शेवटी बोललो. उच्चार काय तरी भलताच झाला असणार, कारण ती हसली, मंग तिनं तेच वाक्य नीट करून माझ्याकडनं दोनदा म्हणून घेतलं. चूक कबूल करायला गेलो नि व्याकरण शिकून आलो बघा. पण बाहेर आलो तवा छातीवरची धोंड कुणी उचलावी तसं झालं, मला कळंना, एवढ्यासाठी मी तीस वर्सं का भांडत व्हतो. पुढच्या पाळीला बाबानं आपल्यातला पाव तास तिला सोडला.

त्यानंतर मी विचारायला शिकलो. हे कसं करू, म्हणायला शिकलो. म्हातारीकडनं बोली शिकलो, तिच्या झाडांवरबी चढायला लागलो. चौथ्या वर्षी दोघा शेजाऱ्यांत पाळीवरनं वाद झाला, तर पाटाचा कारभारी म्हणाला, हिंदीला विचारा, त्यानं घड्याळ बघितलंय. तिकडं आपल्याला हिंदी म्हणतात. मी सांगितलं नि दोघं गप घरी गेले. आमच्या गावात माझ्या शब्दावर कुणी बकरी सोडली नसती हो.

अकरा वर्सं काढली. मधी दोनदा येऊन गेलो, पोरगी तवा मला मामा म्हणायची, ते सोसलं. आयचं तेवढं तोंड दिसलं नाय शेवटी. कायमचा आलो तवा शेवंता महिनाभर माझ्याकडं बघतच ऱ्हायली, आणि एकदा ताटात मीठ जास्त पडलं, मी काय न बोलता ताक ओतून घेतलं, तर म्हणाली, गेला तो नवरा कुठं ठेवलात? म्हटलं, पाहिजे व्हय तो? म्हणाली, नको, असू दे तिकडंच.

मागच्या साली सालेमबाबाच्या पोराचा फोन आला. बाबा गेला. शांत गेला म्हणाला. मी फोन ठेवला, मागल्या दारी गेलो, विहिरीवर डोक्यावरनं पाणी घेतलं. शेवंता धावत आली, आवो, कोण गेलं? म्हटलं, घरचं माणूस गेलं. तिनं आत जाऊन देवाचा दिवा शांत केला नि माझ्यासाठी कोरडं धोतर घेऊन आली.

आता बरं चाललंय. थोडं भात हाय, पोरगी महाडला कालेजात जाते, माझ्यापेक्षा तिखट हाय. तिला काय बोलत नाय मी, ती आपल्या वाटेनं शिकेल. देव तिला अशी माणसं भेटवो, एवढंच.