घट्ट पिळलेला स्पंज

मधुमती : “रोज एकदा. आधी भिजव, मग घट्ट पीळ. लाकडाला थेंब लागता कामा नये.” रूथने अमेरिकेला परत जाताना हे माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं. हॉस्पिटलातली सिस्टर ना, सगळ्यांना पेशंटच समजायची.

हफीजा : आणि वहिनी, तुम्ही तीन वर्षं पाळलंत? एका गिटारीसाठी?

मधुमती : तुळशीला पाणी घातलं की त्याच हाताने हिच्या पेटीतला स्पंज. या साबणाच्या डबीला भोकं पाडलीत, त्यात ठेवायचा. रियाधच्या कोरड्या हवेत आपले ओठ फुटतात, हे तर पातळ लाकूड. मी आज निघालेय, रूथ ही न्यायला येणार ईदनंतर. मधला महिना तू सांभाळशील?

हफीजा : तुमची जागा सौदी मुलीला दिली, आणि तुम्ही तिला शिकवून निघालात. वर ही काळजी!

मधुमती : रुकय्या ना? कतीफची आहे. लॅबमध्ये काचपट्टी कशी धरायची इथपासून सांगितलं तिला. लोकांचं रक्त तपासायचं, काम नीटच व्हायला हवं. हात चांगला आहे तिचा.

हफीजा : बघू ती पेटी. (उघडून वाकून बघते.) एवढीशी? आणि पोटावर हा घोडेस्वार?

मधुमती : मंदीच्या काळातली आहे, चौतीस-पस्तीस सालची. तेव्हा अमेरिकेत लोकांच्या हाताला काम नव्हतं. सगळ्यांत स्वस्त गिटारींवर अशी चित्रं छापायचे. रूथच्या वडिलांनी अख्खा हंगाम दुसऱ्याच्या शेतात बटाटे काढले आणि ही टपालाने मागवली.

हफीजा : तसवीर हाय, वाजा हाय... आमची खोली एकच, नमाजही तिथेच, वहिनी.

मधुमती : तारा सैल केल्यात. पेटी बंदच राहील. नसेल जमत तर सांग, मी राग मानणार नाही.

हफीजा : तुमचा राग कुणाला कळलाय कधी? एवढ्या हळू बोलता! नाशिकला का नाय नेत?

मधुमती : रूथ माझ्या दारात येईल. ते बंद असलं, तर निदान समोरचं तुझं उघडं हवं.

हफीजा : ...ही चीर कसली?

मधुमती : माझी. पहिल्या वर्षी निर्जळी एकादशी केली, चक्कर येऊन तीन दिवस अंथरुणात. एसी रात्रंदिवस चालू आणि हिच्याकडे कुणी बघितलं नाही. चौथ्या दिवशी उघडली तर ही. लगेच रूथला फोन करून सांगितलं.

हफीजा : ओरडली?

मधुमती : तिने विचारलं, “तू जेवलीस का?”

हफीजा : आणि परवापासून माझा रमजान. म्हणून बघताय होय माझ्याकडे असं? रोजा मी ठेवणार, वहिनी. ही कशाला ठेवेल?

मधुमती : आणि तुझे यजमान? जमालुद्दीनभाई काय म्हणतील?

हफीजा : त्यांना सांगेन, अमानत हाय, विश्वासाने ठेवायला दिलेली. त्या शब्दापुढे ते नाय म्हणत नाहीत. फक्त हर्णैचे पडले. लाकूड दिसलं की होडीसारखं तेल चोळायला धावतील.

मधुमती : अगं, तेल नको! तेल अजिबात नको!

हफीजा : या अल्ला! बारा वर्षांत पहिल्यांदा आवाज ऐकला तुमचा.

मधुमती : हस तू. खाली टॅक्सी हॉर्न देतेय.

हफीजा : देऊ दे. हा स्पंज कोरडा लागतोय. आजचा राहिला?

मधुमती : तुझ्यासाठी ठेवलाय.

हफीजा : मग तिथेच उभ्या राहा, नळ सोडते. शिकवू नका. भिजला... एकदा पिळला... दोनदा... अजून जरा. बघा, थेंब पडतोय?

मधुमती : नाही पडत.

हफीजा : या आता, वहिनी. झाकण मी लावते.