अंतरपाट धरल्यावर

भातकुलीहून अमरावतीला निघालेल्या बसमध्ये कहकशाँ प्रयोगाच्या सामानाची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. शाळाशाळांतून जुनी नाटकं करणाऱ्या मंडळीत ती नवरीचं काम करायची. पुढच्या सीटवर दोन बाया बोलत होत्या.

“मैनाबाई, तुमच्या शेजारच्या दुर्गीचं लगन एवढ्या घाईनं कावून उरकलं वं? नववीतच होती ना ते?”

“नाटकवाल्याईपायी. शाळेत जुनं नाटक घेऊन आले. म्हातारा नवरदेव, कोवळी नवरी. अंतरपाट धरला का साऱ्याईनं ‘थांबवा’ म्हनाचं, मंग लगन थांबते, असं त्या नवरीनं पोरायले शिकवलं.”

“मंग?”

“दुर्गी सगळ्याईत जोरानं वरडली. तिचं लगन दिवाळीनंतरचं ठरलं होतं, त्या सोयऱ्याची भाची तिच्याच वर्गात. तिनं घरी सांगतलं. सोयरे म्हने, पोरीची जीभ सुटली, आता दिवाळीची वाट पाहाची नाही.”

“अन् दुर्गी मुकाट उभी राहिली?”

“राहिली ना. पन अंतरपाट धरला, भटजीनं सुरू केलं, अन् हे वरडली, ‘थांबवा.’”

कहकशाँच्या पिशवीतून अंतरपाटाचं टोक बाहेर आलं होतं. ते तिने मुठीत आवळलं.

“अवो माय. थांबवलं मंग?”

“कोन थांबवते? वर्गातल्या पोरी होत्या मांडवात. त्याईले वाटलं, नाटक करून राहिली. त्याबी संगं वरडल्या, ‘थांबवा, थांबवा.’ सारा मांडव हासला.”

“अन् दुर्गी?”

“हार धरून उभी होती. पोरी वरडल्या तशी हासली बापा तेबी. तिले वाटलं, आता लगन थांबते.”