टोकनच्या आधी

सरकारी दवाखान्यात औषधांच्या रांगेत माझ्यापुढं नेकनूरच्या छबुबाई होत्या. रुग्णांना किती वेळ थांबावं लागतं याची पाहणी करणारी, टॅब घेतलेली एक मुलगी त्यांना प्रश्न विचारत होती.

"मावशी, टोकन कधी मिळालं?"

"साडेअकराला."

"आणि डॉक्टरांनी कधी बघितलं?"

"पावणेबाराला."

"म्हणजे पंधरा मिनिटांत. छान."

"काय छान? सातलाच आलते की म्या! डॉक्टर आल्याबिगर टोकनच देत न्हाईत. तवर रांगेत चपला ठिवून उन्हात बसायचं."

"ते टाकता येत नाही. टॅबमध्ये टोकनपासूनच वेळ धरतात."

"अन् आमचे साडेचार तास कुठं गेले? लिव ते!"

"ओरडू नका हो. गेल्या महिन्यापेक्षा दवाखाना खूप सुधारलाय."

"सुधारलाय? माझ्या म्होरं पालीची साखराबाई व्हती. दहाच्या सुमाराला चक्कर येऊन धाडकन पडली. लेकानं उचलून रिक्षात घातली, खाजगीत नेली. तिची किती मिनटं धरली?"

"त्यांनी टोकन घेतलं होतं का?"

"कुठून घेती? खिडकीच उघडली नव्हती!"

"मग त्या इथं आल्याच नाहीत, मावशी. नोंदच नाही."

"आलीच न्हाई?"

छबुबाई रांग सोडून टोकनच्या खिडकीशी गेल्या. तिथून चपलांचा एक जोड उचलून आणला आणि त्या मुलीच्या पुढ्यात आदळला.

"मंग ह्या कुणाच्या हायत? सकाळी सातपासून नंबराला हायत."