कुंदा मॅडमचा चुंबकाचा पट्टा

सगळ्यांले जयभीम.

मागं उभे आहेत त्यायनंही बसून घ्या, समोर सतरंजी रिकामी आहे. मी कंडक्टर माणूस. उमरेड लाइनवर अर्धी जिंदगी गेली. गर्दीसमोर बोलायची मले सवय आहे, पण तिथं ‘पुढे सरका, पुढे सरका’ एवढंच बोलावं लागे. आज त्याच्यापुढचं बोलायचं आहे, त्याची सवय नाही. तरी बोलायले लागन.

तुमच्यातले अर्धे लोक माझ्या बायकोचे विद्यार्थी. तुमच्यासाठी ती कुंदा मॅडम, विज्ञानाच्या. चुंबकाचा तास आठवते ना? भंगारवाल्याकडून फुटक्या स्पीकरचे चुंबक आणायची. एकेकाच्या हातात दोन-दोन द्यायची, सारखी बाजू समोरासमोर करून, अन् म्हणायची, चिकटवा. ते चिकटायचे नाहीत. पोट्टे दातओठ खाऊन दाबायचे, चुंबक बाजूले सरकून जायचे. मग ती विचारायची, “मधात काय आहे रे?” कोणी म्हणे, हवा. ती मधात पुठ्ठा घालायची, काच घालायची. जोर तसाच! मग फळ्यावर ‘चुंबकीय क्षेत्र’ लिहायची अन् म्हणायची, “हे नाव झालं. नाव माहीत झालं म्हणजे समजलं, असं नाही.”

एका रविवारी मेथी निवडता निवडता मी तिले विचारलं, “पण खरंच काहून ओढते वं चुंबक?” ती म्हणाली, लोखंडाच्या आत बारीक बारीक कण असतात, एकेक कण म्हणजे इवलासा चुंबक. सगळ्यांनी तोंड एका बाजूले केलं की त्यांचा जोर बाहेर कळते. मी म्हणालो, “मग ते इवलेसे चुंबक तरी काहून आहेत?” ती थांबली. म्हणाली, “तिथपर्यंत गणित जाते. बरोबर येते, दरवेळी येते. पण ते तसंच काहून आहे, मले माहीत नाही.” अन् काय खुश झाली होती! मी म्हणालो, “माहीत नाही, तर पगार कशाचा घेते मग?” तिनं मेथीची जुडी फेकून मारली मले.

मग तिच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी सगळं करून पाहिलं. शेवटी म्हणाले, आता घरीच ठेवा. मी तर ठेवायले तयारच होतो, बाप्पा. तीच राहून नाही राहिली.

बुडत्याले काडीचा आधार. धरमपेठेत एका हॉलमध्ये कोणी चुंबकाचे पट्टे विकून राहिलं होतं. मी गेलो. सुटाबुटातला माणूस म्हणे, रक्तात लोह असते, चुंबक ते फिरवते, रोग ओढून काढते. मी विचारलं, कसा ओढते? तो म्हणे, “काका, ते तर मोठ्या शास्त्रज्ञांलेही समजलं नाही.” मले कुंदाच आठवली. तीही म्हणायचीच ना, माहीत नाही! मी पट्टा घेऊन आलो.

वाटलं होतं, भांडन. ती भांडली नाही. म्हणाली, “अहो, त्या दिवशी एमआरआयच्या मशीनमध्ये घातलं मले. ती मशीन म्हणजे केवढा मोठा चुंबक! त्यातून निघाली तर मी बरी झाली का?” मी पट्टा परत पिशवीत घालायले लागलो. ती म्हणाली, “मले माहीत नाही, म्हणून मी तिथं थांबते. त्याले माहीत नाही, म्हणून तो विकते.” अन् मग पदर बाजूले केला. म्हणाली, “बांधा.”

रोज सकाळी मी तिच्या कमरेले पट्टा बांधायचो. तिची कंबर बारीक होत गेली, मी पट्ट्याले नवीन भोकं पाडत गेलो. एक दिवस विचारलं, “तुले पटत नाही, मग काहून बांधू देते?” ती म्हणाली, “तुमचे हात रिकामे राहिले की थरथरतात. पट्टा बांधताना थरथरत नाहीत.”

थांबतो जरा. पाणी द्या.

हं. जायच्या थोड्या दिवसांआधी तिनं मले जवळ बसवलं. म्हणाली, “लोक पाहून राहिले. उद्या म्हणतील, विज्ञानाच्या मॅडमही पट्टा बांधत होत्या. कोणाची माय दवाखाना सोडून पट्टा बांधून बसन. तुम्ही उभं राहून सगळ्यांले खरं सांगा.” मी म्हणालो, “माझ्यानं होणार नाही. हे कबूल करायचं म्हणजे तू चालली, हे कबूल करायचं.”

तिनं मान डोलवली. म्हणाली, “हाव.”

परवाच गल्लीतल्या एक ताई आल्या. त्यांच्या सासूबाईंचं पोट दुखते. म्हणाल्या, “भाऊजी, तो पट्टा द्या ना. मॅडमले आराम पडत होता म्हणे.” त्यांच्यावर काय रागावू? मीही तसाच धरमपेठेत गेलो होतो, डोळ्यात पाणी घेऊन. ताई, तुम्ही इथंच बसल्या आहात. उद्या सासूबाईंले दवाखान्यात घेऊन चला. मी येतो सोबत.

तर ऐका. मी कुंदाचा नवरा, सांगतो. पट्टा रोज बांधला, एक दिवस खाडा केला नाही. त्यानं गाठ कमी झाली नाही. दुखणं कमी झालं नाही. रात्री ती उशी तोंडात धरून कण्हायची, मी ऐकलं आहे. चुंबकानं काही झालं नाही. माझी कुंदा गेली.

सकाळी अजूनही पट्टा काढायले माझे हात कपाटाकडे जातात. या हातांचं काय करू, सांगा ना कोणी.

आता सगळे उभे राहू. दोन मिनिटं कोणी बोलू नका. मले समजावूही नका.

कुंदा, सांगितलं वं मी. सगळ्यांसमोर सांगितलं.