पहिला क्वार्टर आपला

—नको, उठू नकोस, पडून राहा. आणि बोलायचा प्रयत्न तर अजिबात करू नकोस, सिस्टरने मला बाहेरच बजावलंय—जबड्यात दोन प्लेटा बसवल्यात, वरचे-खालचे दात रबरांनी बांधलेत, म्हणून. तू ऐक, मी बोलते. पेज आणलीये, तांदळाची, गाळून, स्ट्रॉने ओढता येईल एवढी पातळ—नको? बरं, नको. तुझ्या आईचा काल चार वेळा फोन आला. आशाला मी नीट समजावलं. म्हटलं, अगं, खेळात होतं असं, सियाला बघायला मी आहे ना इथे. शाळेत एका बाकावर बसलेल्या दोघी आम्ही, माझ्या भरवशावर तिने तुला नाशिकहून ग्लासगोला पाठवलं, तिच्याशी मी कशाला खोटं बोलेन? नाही बोलले. म्हणजे—कुणाचा खांदा लागला ते नाही सांगितलं. तिने विचारलंच नाही. तू मेसेजवर सांगितलं नाहीस ना? नाही ना. शहाणी माझी.

सिस्टर म्हणाली, बायका हा खेळ खेळतात? ऑस्ट्रेलियन फुटबॉल? स्कॉटलंडमध्ये? म्हटलं हो, नऊ-नऊ जणी, अंडाकृती बॉल, हाताने धरायचा, पायाने मारायचा, आणि समोरचीला खांद्याने धडक द्यायची मुभा आहे—हेल्मेट नाही, पॅड नाही. पर्थला सहा वर्षं होतो तेव्हा शिकले म्हटलं. तिने माझ्या केसांकडे पाहिलं. वय किती तुमचं? एकोणपन्नास, म्हटलं, आणि टीममध्ये मी सगळ्यांत म्हातारी नाही. बघ, अशी बघतात सगळी. ड्रायव्हिंग टेस्ट घ्यायला गाडीत बसते ना, तेव्हा समोरचा घाबरतो मला. मैदानात उतरले की तोच माणूस विचारेल, आजी, बसायला खुर्ची देऊ का?

तुम्हाला नाही कळायचं, तुमचं वय बावीस. आमच्या हेरन्स टीममध्ये सात जणी चाळिशीच्या पुढे, मॉयरा तर एक्कावन्न, एरवी बस चालवते आणि रविवारी खेळते. मागच्या सीझनला सलग सहा मॅच हरलो, आणि कशा? अर्ध्या वेळेपर्यंत पुढे, तिसऱ्या क्वार्टरला पाय संपले, चौथ्यात नुसतं बघत उभं राहायचं—पोरी बाजूने निघून जातायत आणि आपण हात लांब करतोय. त्या म्हणत होत्या टीम बंद करू. मी म्हटलं, मला कोच करा, एक वर्ष द्या. आणि काय केलं मी? धावणं बंद केलं. धावायचंच नाही. बॉल धावेल, आपण उभ्या राहू. लांब किक मॉयराकडे, ती उंच आहे, हवेत झेलते. बॉल खाली पडला तर सगळ्यांनी त्याच्यावर लोळायचं, अंपायरला शिट्टी वाजवायला लावायची, प्रत्येक शिट्टी म्हणजे दहा श्वास. दर चार मिनिटांनी दोघी बाहेर, दोघी आत. जिथे चिखल जास्त त्या कोपऱ्यात खेळ न्यायचा, चिखलात बावीसचे पायसुद्धा पन्नासचे होतात. आणि शेवटचं—पहिला क्वार्टर आपला. अंगात जेवढा जोर आहे तेवढा पहिल्या वीस मिनिटांत त्यांच्या अंगावर टाकायचा. खांदा लावायचा तो छातीतली हवा निघेपर्यंत. एकदा तशी धडक बसली की पुढचा बॉल ती पोरगी अर्ध्या मनाने उचलते, आणि अर्धं मन म्हणजे अर्धा सेकंद. आम्हाला तेवढाच लागतो. नियमात आहे हे सगळं. त्या एडिनबरोच्या लाल केसांच्या मुलीच्या दोन बरगड्या गेल्या, तेही नियमात. दुसरी एक उलटी करत बाहेर गेली, तेही. या वर्षी सातपैकी पाच मॅच जिंकलो आम्ही.

गुरुवारी लीगची सुनावणी आहे, तुला माहितीये ना? दोघी एकाच बॉलवर गेलो, मी एक क्षण उशिरा पोचले, एवढंच झालं. अंपायर पलीकडच्या बाजूला होता, त्याला दिसलं नाही. मॉयराला बोलावलंय साक्षीला. ती फोन उचलत नाहीये माझा—बसवर असते ना, ड्युटीवर कुठे उचलणार. तीन दिवस. सुट्टी असते तिला सोमवारी. असो.

डोळे मिटू नकोस गं. दुखतंय? सिस्टरला बोलावू? नको? मग ऐक. तुझीही चूक आहे, स्पष्टच सांगते. जमिनीवरचा बॉल उचलताना तू डोकं डावीकडे पाडतेस आणि उजवा गाल उघडा सोडतेस. क्वीन्स पार्कमध्ये किती वेळा सांगितलं मी तुला—गुडघे वाकव, मान नको? इथे आलीस तेव्हा तुला बॉल धरता येत नव्हता. तीन महिने दर शनिवारी, पावसात, थंडीत, मी शिकवलं. आणि अजून तेच करतेस, पाचही व्हिडिओंत तेच. म्हणजे मी सगळ्याच टीमचे व्हिडिओ बघते, कोच आहे, बघावे लागतात... बरं, तुझेच पाहिले. मॉयराला मी आदल्या दिवशी म्हटलंही, तुझा सात नंबर माझ्याकडे. त्यात काय, कोणीतरी कोणालातरी घेतंच ना?

तू आम्हाला सोडून युनिव्हर्सिटीच्या टीमला गेलीस, त्याचा राग नाही मला. तरुण मुलींत तरुण मुलगी जाणारच. ग्रुपवर ‘काकूंची टीम’ लिहिलंस, तेही हसण्यावारी नेलं, आम्ही सगळ्या हसलो. तुला वाटेल मावशीने त्याचा सूड घेतला. नाही गं, शप्पथ. त्याचा नाही. ते... पहिल्या पाच मिनिटांत मी पडले होते, आठवतंय? कुणी पाडलं नव्हतं. गुडघाच गेला. उजव्यात काही उरलेलंच नाही, हाडावर हाड घासतं, सर्जन जानेवारीतच म्हणाला होता खेळ बंद. टीमला सांगितलं नाही मी. आणि तू आलीस, हात दिलास, मला उभं केलंस, आणि म्हणालीस, “मावशी, लागलं का? बसा ना जरा बाहेर.” चांगल्या मनानेच म्हणालीस, माहितीये मला. मराठीत म्हणालीस, मैदानावर कुणालाच कळलं नाही. मला एकटीला कळलं. तेवढ्या सगळ्यांत मला एकटीला. माझ्या कोपराला धरलं होतंस तू, रस्ता ओलांडून देतात तसं. आणि मग वळलीस आणि गेलीस धावत—काय धावतेस गं तू. मी बघत राहिले. कितीही जन्म घेतले तरी त्या पोरीला मी धावून नाही गाठू शकणार, असं वाटलं मला. मग ठरवलं, धावणार नाही. थांबेन. बॉल येईल, ती येईल.

आणि आला की. बाउंडरीच्या रेषेशी, चिखलात रुतला. तू पोचलीस, वाकलीस, डोकं डावीकडे. मी तीन पावलांवर. तीन पावलं गुडघा देतो अजून. दुसऱ्या पावलाला तू मान वर केलीस आणि मला पाहिलंस. सिया, तू मला पाहिलंस. दुसरी कुणी असती तर तू खांदा आणला असतास पुढे, निदान हात तरी. पण मी दिसले आणि तू अंग सैल सोडलंस. हसलीस थोडी. मावशी थांबेल असं वाटलं तुला. थांबता येत होतं मला, वेळ होता, खूप वेळ होता. मी खांदा आणखी खाली घेतला. गाजर मोडावं तसा आवाज आला. तो कानाने नाही, खांद्यातून ऐकला मी, हाडातून. तुझं डोकं मागे गेलं आणि तू तशीच बसलीस चिखलात, तोंडात बोटं घालून, काय तुटलंय ते बघायला, आणि हनुवटीवरून रक्त असं धावलं की—आणि मी बॉल उचलला. तू माझ्या पायाशी, आणि मी बॉल उचलला, वळले, आणि किक मारली. चाळीस मीटर. वर्षभरात एवढी सरळ किक बसली नव्हती माझी. दोन खांबांच्या मधून, सहा पॉइंट. आणि मला... मला फार छान वाटलं. तीस वर्षांची असल्यासारखं. तुझा घशातला आवाज मागून येत होता आणि मी हात वर केले.

असं नव्हतं म्हणायचं मला. गोळ्यांनी डोकं जड झालंय, गुडघ्याच्या गोळ्या. तू नको लक्ष देऊस.

ॲम्ब्युलन्स गेल्यावर खेळ पुन्हा सुरू झाला. तुझ्या मैत्रिणी रडत खेळत होत्या. पुढचे तीन क्वार्टर एकीनेही बॉलवर डोकं खाली घातलं नाही. आम्ही चार पॉइंटांनी जिंकलो. चेंजिंग रूममध्ये सगळ्या गात होत्या. मॉयरा माझ्या शेजारी येऊन बसली, बुटांचा चिखल काढत, आणि हळूच विचारलं, “मुद्दाम होतं का ते?” मी हसले. नाही म्हणायला हवं होतं, नाही का? दोन अक्षरं. मी हसले फक्त. तिने दुसरा बूट तसाच हातात घेतला आणि मोज्यावर बाहेर गेली. पार्किंगमधून तिची गाडी निघाल्याचा आवाज ऐकला मी.

म्हणून तुझ्याकडे आले. मॉयराने काही सांगितलं तरी तिला कळणार थोडंच, ती लांब होती. जवळ आपण दोघीच. लीगने मला बंदी घातली तर हेरन्सच्या दहाच उरतात, दोघींना आलटूनपालटून बाहेर बसवायलाही पुरत नाहीत, नवी येत नाही कुणी, टीम जाईल. आणि आशाला कळेल. आशाने मला विचारलं ना, “खरं सांग यमुना, माझी पोर तुझ्याजवळ सुरक्षित आहे ना?” तर मी काय सांगू? तूच सांग. हा फॉर्म तुला ईमेल केलाय त्यांनी, मी प्रिंट काढून आणला, तुला फोनवर वाचायचा त्रास नको. एकच प्रश्न आहे. समोरची खेळाडू बॉलसाठी आली होती की तुमच्या अंगावर? दोन चौकोन. वरच्यावर टिक कर, खाली सही, झालं. घे पेन. उशी वर घेऊ? हां, अशी. सावकाश. वरचा गं, वरचा—तो नव्हे. अगं तो खालचा आहे, तुला दिसत नाहीये का, थांब, मी धरते कागद—एवढं दाबू नकोस, फाटेल.

दिसलं. मला दिसलं, सिया, परत परत नको गिरवूस.

बेल कशाला वाजवतेस? उठलेच आहे मी.